विनोद आणि खेळ, सूरजागडच्या पायथ्याशी

विनोदी सिनेमाचे परीक्षण आपल्याकडे एका ठरलेल्या साच्यात लिहिले जाते. पूर्वार्ध धमाल, उत्तरार्ध रेंगाळतो, अमक्याचे टायमिंग अफलातून, गाणी नसती तरी चालले असते आणि शेवटी तीन-साडेतीन तारे. व्हिडिओ गेमची परीक्षणे त्याहून तांत्रिक: ग्राफिक्स कसे आहेत, कंट्रोल्स हाताला बसतात का, किती तास पुरतो. तिकीट काढावे की नाही हे ठरवायला याचा उपयोग होतो, पण कलाकृतीचे बळ कशात आहे आणि ती कुठे कमी पडते हे त्यातून कळत नाही. माझे म्हणणे असे की, विनोदी सिनेमा जोखताना त्यातले हसू कोणाच्या जिवावर उभे आहे हे आधी पाहावे, आणि गेम जोखताना त्याचे नियम खेळणाऱ्याला काय करू देतात व काय करूच देत नाहीत हे आधी पाहावे. बाकीचे गुणदोष त्यानंतर. पुण्या-मुंबईत बसून हा निकष फार कडक वाटेल. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले तर तो टाळताच येत नाही. या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे आणि डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज नेणारी कित्येक वाहने जाळली, २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. ज्यांच्या भूमीवर हे घडते आहे त्यांना पडद्यावर कोण, कसे दाखवते, हा तिथे फावल्या वेळचा प्रश्न राहत नाही.

सूरजागडवर बेतलेला विनोदी सिनेमा माझ्या माहितीत नाही, पण त्याच्या अगदी जवळ जाणारा एक आहे. अमित मसुरकर यांचा 'न्यूटन' २०१७ मध्ये आला, भारतातर्फे ऑस्करसाठी गेला आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. कथा छत्तीसगडच्या जंगलातली, चित्रीकरण दल्ली राजहरा या लोहखाणींच्या गावाच्या परिसरातले. जंगल तेच, खनिज तेच, राज्याची हद्द तेवढी वेगळी. ७६ मतदारांच्या गावात मतदान घ्यायला गेलेला नियमनिष्ठ कारकून न्यूटन कुमार आणि त्याला कसेबसे सुखरूप परत न्यायचे एवढेच डोक्यात असलेला निमलष्करी अधिकारी आत्मासिंह यांच्या ओढाताणीतून त्यातले हसू जन्माला येते. एक प्रसंग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. परदेशी पत्रकार येणार म्हणून गावकऱ्यांना हाकून मतदान केंद्रावर आणले जाते. ते यंत्र कशासाठी, बटण दाबून काय होणार, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही. न्यूटन मनापासून समजावून सांगतो, पण काही पोचत नाही. मग आत्मासिंह पुढे होतो आणि हे खेळणे आहे, वाटेल ते बटण दाबा, असे सांगून रांग हलवतो. इथे आपल्याला हसू येते, पण गावकऱ्यांचे नाही. ज्या व्यवस्थेने लोकशाहीचा सगळा सरंजाम जंगलात वाहून आणला आणि तो कशासाठी हे सांगायचे मात्र राहून गेले, तिचे हसू येते. गडचिरोलीच्या वाचकाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. दुर्गम केंद्रांसाठी मतदान पथके हेलिकॉप्टरने न्यायची आणि दुपारी तीनलाच मतदान संपवायचे, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

हा 'न्यूटन'चा मोठा गुण. दोषही त्याच जागी आहे. गावकरी हास्यास्पद होत नाहीत हे खरे, पण त्यांना स्वतःहून कोणाला हसवायची, कोणाची टर उडवायची संधी सिनेमा फारशी देत नाही. ती बव्हंशी अंजली पाटील यांनी उभ्या केलेल्या स्थानिक शिक्षिकेच्या, मलकोच्या, वाट्याला आली आहे. निराशावादी आहेस का, या न्यूटनच्या प्रश्नाला, आपण आदिवासी आहोत, एवढेच उत्तर ती देते तेव्हा अख्ख्या सिनेमातला सर्वांत धारदार विनोद घडतो, कारण तो बाहेरून आलेल्या माणसावर आतल्या माणसाने केलेला आहे. असे आणखी पाच-सहा प्रसंग असते तर 'न्यूटन' आज आहे त्याहून मोठा सिनेमा झाला असता. तरीही पिसांचे टोप घालून भाले नाचवणारे 'झिंगालाला' आदिवासी दाखवून हशे वसूल करणाऱ्या आपल्या सिनेमांच्या परंपरेशी तुलना केली, की 'न्यूटन' किती पुढे आहे ते दिसते. त्या परंपरेत जंगलातला माणूस हाच विनोदाचा ऐवज असतो, आणि दिग्दर्शकाची कारागिरी कितीही सफाईदार असली तरी ती कमजोरी भरून निघत नाही.

मग हाच निकष गडचिरोलीच्या स्वतःच्या विनोदाला लावायचा की नाही? लावायलाच हवा. वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि नाटक हे समीकरण पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पक्के आहे. विनोदी भूमिकांनी ही रंगभूमी गाजवणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तो या भागाच्या विनोदाचा रास्त सन्मान होता. या विनोदाचे बळ त्याच्या प्रेक्षकाच्या जवळिकीत आहे. धानाचा भाव, सोयरिकीतली मानापमानाची भांडणे, सावकार, पुढारी असा सगळा ऐवज समोर बसलेल्या माणसांच्या आयुष्यातून येतो, आणि तो पटला नाही तर मंडपात लगेच चुळबुळ सुरू होते. उणीव सांगायची तर द्व्यर्थी संवादांवरचा भार आणि बाईच्या शरीरावरचे विनोद या आहेतच, पण मला त्याहून एक गोष्ट जास्त खटकते. अनेक नाटकांत नायक आणि आदर्श पात्रे प्रमाण मराठी बोलतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. आपल्याच बोलीला आपल्याच मंचावर फक्त हशाची जागा मिळते. ही खोड झाडीपट्टीने पुण्या-मुंबईच्या मराठी सिनेमाकडून घेतली की तिची स्वतःचीच आहे, हा वाद बाजूला ठेवू. त्या बोलीत दुःख, प्रेम, निर्धार मांडणारे नाटक जास्त ताकदीचे होईल, याविषयी मला शंका नाही.

आता गेमकडे. 'फॅक्टोरिओ' हा चेक कंपनीचा गेम २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि जगभर लोकप्रिय झाला. अनोळखी ग्रहावर उतरायचे, लोखंड-तांबे-कोळसा खणायचे, पट्टे आणि भट्ट्या जोडत कारखाना वाढवायचा आणि शेवटी रॉकेट सोडायचे. सूरजागडशी याचा कागदोपत्री काहीही संबंध नाही, पण नियम पाहा. प्रत्येक खनन यंत्रातून प्रदूषण निघते आणि नकाशावर लाल डागासारखे पसरत जाते. झाडे त्यातले काही शोषतात आणि शोषता शोषता सुकत जातात. तो डाग मूळ रहिवासी किड्यांच्या वस्त्यांपर्यंत पोचला, की ते कारखान्यावर चाल करून येतात. म्हणजे हल्ला विनाकारण नाही, त्याचे मूळ खेळणाऱ्याच्या यंत्रात आहे, आणि गेम ते लपवत नाही. कारण आणि परिणाम इतक्या प्रामाणिकपणे जोडून दाखवणे भाषणाला जमत नाही, ते नियमालाच जमते. हे त्याचे अस्सल बळ. पण पुढे काय करायचे? भिंत बांधा, बंदुका लावा, वस्त्या उडवा. फार तर कमी प्रदूषण करणारी यंत्रे बसवा किंवा सुरुवातीलाच शांततेचा पर्याय निवडा, ज्यात किडे आपणहून हल्ला करत नाहीत. त्यांना विचारणे, त्यांच्याशी करार करणे, एखादा डोंगर सोडून देणे आणि त्याचे काही मोल मिळणे, अशी क्रियाच गेममध्ये नाही. ज्या जिल्ह्यात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला, आणि तो अधिकार खरोखर वापरू द्यावा म्हणून गावे भांडत आली, तिथून पाहताना ही पोकळी नजरेतून सुटत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला: किडे म्हणजे किडेच, त्यांत आदिवासी कशाला शोधता? बरोबर आहे, आणि निर्मात्यांच्या हेतूवर माझा आरोपही नाही. असा गेम खेळून कोणी क्रूर होतो असेही मी म्हणत नाही. पण गेमचा आशय त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या नियमांत जास्त असतो, आणि मूळ रहिवासी म्हणजे निव्वळ अडथळा, हा नियम चित्र बदलले तरी तसाच राहतो. दुसरा: नियम असेच असावे लागतात, नाहीतर खेळात रंगत राहत नाही. हे खोटे असल्याचे उदाहरण आहे. 'स्पिरिट आयलंड' हा २०१७ चा बोर्डगेम, ज्याची पुढे संगणकावरची आवृत्तीही आली, त्यात खेळणारे बेटाचे रक्षणकर्ते असतात आणि वसाहत करायला आलेल्यांना परतवतात. तो अवघड आहे आणि लोक तो आवडीने खेळतात. त्यातही बेटावरची माणसे स्वतःहून फार थोडे ठरवतात, ही त्याची उणीव, जवळपास 'न्यूटन'च्या उणिवेसारखीच. तिसरा आक्षेप सर्वांत जुना: हसू आले की आले, त्याची चिरफाड केली तर ते मरते. पण 'अशी ही बनवाबनवी' १९८८ पासून आजवर हसवते आहे, कारण भाड्याच्या खोलीसाठी माणसाला सोंगे घ्यायला लावणारी पक्की गरज त्याच्या मुळाशी आहे. हे समजल्याने त्यातले हसू कमी होत नाही.

'फॅक्टोरिओ'त खेळणाऱ्यांना स्वतःचे बदल, म्हणजे मॉड, घालता येतात. चंद्रपूर-गडचिरोलीत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यात एकच नियम घालून पाहावा: डोंगरावर यंत्र बसवण्याआधी तिथल्या वस्तीची संमती लागेल, आणि ती नाकारलीही जाऊ शकेल. मग खेळणाऱ्याला दुसरी वाट काढावी लागेल, कमी खनिजात भागवावे लागेल, दिलेला शब्द पाळावा लागेल, कारण तो मोडला तर पुढच्या डोंगरावर कोणी होकार देणार नाही. खेळ अवघड होईल. माझ्या मते तो आजच्याहून सरसही होईल.