नावेत चढताना आणि उतरताना

ज्येष्ठ वाचकहो, परभणी जिल्ह्याला समुद्र लाभलेला नाही. तरीही नावेशी आपला संबंध तुटलेला नाही. पाथरीपासून पूर्णा तालुक्यापर्यंत गोदामाई आपल्या जिल्ह्यातून वाहते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. संत जनाबाईंच्या गंगाखेडला स्नानासाठी आणि अस्थिविसर्जनासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. याखेरीज प्रयागचा संगम, काशीचे घाट, मालवणचा सिंधुदुर्ग आणि मुरूडचा जंजिरा या यात्रा-सहलींतही नावेत बसण्याचा प्रसंग येतोच. म्हणून या वेळी नावेच्या प्रवासाचा विचार न करता, त्या प्रवासाच्या दोन टोकांना असलेल्या एकेका पावलाचा विचार करू.

अशा प्रसंगी कुटुंबात बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर, "आई, तुम्ही इथंच घाटावर बसा, आम्ही जाऊन येतो," असे सांगून वडीलधाऱ्यांना मागे ठेवले जाते. नाहीतर दोन तरुण त्यांना काखेत धरून पोत्यासारखे वर ओढतात. पहिल्यात मन दुखावते, दुसऱ्यात खांदा आणि बरगड्या. तिसरा मार्ग साधा आहे. वृद्ध शरीराला ओढणाऱ्या हातापेक्षा पायाखाली योग्य उंचीची पायरी अधिक उपयोगी पडते.

याचे कारण शरीररचनेत आहे. आपले वजन वर उचलण्याचे काम मांड्यांच्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंचे आहे. हातांचे काम तोल सांभाळण्याचे. घरातील जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंच उंच असते. नावेचा काठ मात्र घाटापासून दीड-दोन फूट वर असू शकतो. एवढ्या उंचीवर पाय टाकला की गुडघा पूर्ण वाकतो, स्नायूंना जोर मिळत नाही आणि सारा भार हातांवर येतो. त्यातच नाव हलती असते. पुढचा पाय नावेत आणि मागचा घाटावर असताना नाव मागे सरकली, तर दोन्ही पाय फाकतात आणि माणूस मधल्या फटीत जातो.

आपल्या गोदावरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस अशा बंधाऱ्यांमुळे नदीत पाणी अडते आणि सोडलेही जाते. त्यामुळे घाटाची कोणती पायरी उघडी आणि कोणती बुडालेली, हे दर खेपेस बदलू शकते. मागच्या वर्षी सहज जमलेले पाऊल यंदा जमेलच असे नाही. पाण्याखाली राहिलेल्या पायरीवर शेवाळ धरलेले असते. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना ते पायाने कळत नाही. म्हणून अनवाणी उतरू नये. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल घालावी.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. नावाड्याला आधी विचारावे, "चढायला-उतरायला पायरी काय आहे?" शिडी नसेल तर रुंद बुडाचे, न डगमगणारे, आठ-नऊ इंच उंचीचे स्टूल घाटाच्या सपाट, कोरड्या भागावर ठेवावे. नाव पुढून आणि मागून, दोन्हीकडे दोराने बांधून घ्यावी. एकाच टोकाला बांधलेली नाव फिरते. लाइफ जॅकेट नावेत बसल्यावर न घालता घाटावरच घालावे, कारण पाय घसरण्याची शक्यता चढतानाच अधिक असते. काठी, पिशवी, पाण्याची बाटली आधी पुढे द्यावी. पातळाच्या निऱ्या वर घेऊन खोचाव्यात, धोतराचा सोगा आवरावा. ज्यांच्या चष्म्यात जवळचे आणि लांबचे असे दोन भाग आहेत, त्यांना खालच्या भागातून पायरी अंधुक दिसते. त्यांनी मान खाली करून वरच्या भागातून पाहावे.

मदतीला दोघे असावेत. एकाने नावेत बसून वा गुडघे टेकून समोर राहावे, दुसऱ्याने घाटावर मागे, कमरेजवळ. समोरच्याने बोटे न धरता मनगटाला मनगट लावून पकड घ्यावी आणि ओढू नये, स्थिर राहावे. चढणाऱ्याने त्या आधारावर स्वतःच्या पायाने उठावे. गुडघा दुखत असेल वा एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम लक्षात ठेवावा. पाऊल नावेच्या काठावर न ठेवता मध्यभागी टाकावे आणि लगेच खाली बसावे. घाट आणि काठ समान उंचीवर असतील तर सर्वांत चांगले: घाटावर बसावे, दोन्ही पाय नावेच्या मध्याकडे सोडावेत, आणि आधार घेत फळीवर सरकावे. यात लाजण्याचे कारण नाही.

उतरताना घाई अधिक होते, आणि त्या वेळी शरीरही वेगळ्या अवस्थेत असते. उन्हात अर्धा तास बसल्यावर एकदम उठले की रक्तदाब खाली येऊ शकतो. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत हे विशेष घडते. काठ जवळ आला की बसल्या जागीच घोटे दहा-वीस वेळा हलवावेत. नाव बांधून होईपर्यंत उठू नये. उठल्यावर आधार धरून क्षणभर थांबावे. भोवळ नाही याची खात्री झाल्यावरच पाऊल टाकावे. शिडी असेल तर शिडीकडे तोंड करून उतरावे आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन आधार नेहमी टेकलेले ठेवावेत.

शिडीचा खरा कस माणूस पाण्यात पडल्यावर लागतो. हौशी नौकाविहाराच्या छोट्या नावांना मागील बाजूस घडीची शिडी असते. ती उघडल्यावर किमान दोन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात. शेवटची पायरी पाण्याच्या पातळीवरच संपली तर तरंगणाऱ्या माणसाचा पाय तिथवर पोहोचत नाही. पाय नावेखाली जातात आणि शरीर नुसते हातांवर लोंबकळते. धडधाकट तरुणालाही अशा वेळी वर येणे कठीण. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमांत अशा नावांसाठी स्पष्ट अट आहे की, पाण्यात पडलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या मदतीवाचून पुन्हा नावेत चढण्याचे साधन वापरता आले पाहिजे. निव्वळ दोराची शिडी ज्येष्ठांच्या कामाची नाही. ती नावेखाली झुकते आणि पाय पुढे पळतात. आपल्याकडील साध्या नावांना बहुधा शिडीच नसते. अशा ठिकाणी घोड्याच्या रिकिबीसारखा फास केलेला जाड दोर नावेला पक्का बांधून ठेवला आणि तो पाण्यात दोन फूट खाली सोडता आला, तरी पायाला टेकू मिळतो.

कोणी पडलेच, तर नावेतील सर्वांनी एका बाजूला धाव घेऊ नये, नाव कलंडते. इंजिन असेल तर आधी बंद करावे आणि लहान नावेत माणसाला मागील बाजूने घ्यावे. पाण्यात शरीर हलके वाटते. वर येताना पूर्ण वजन आणि ओल्या कपड्यांचा भार परत येतो. शिवाय पाण्याचा दाब सुटल्याने रक्त पायांकडे उतरते आणि भोवळ येऊ शकते. म्हणून वर घेतल्यावर माणसाला आडवे ठेवावे, उभे करू नये. श्वास लागत असेल तर मात्र ज्या स्थितीत त्यांना बरे वाटते तसे बसवावे. नाकातोंडात पाणी गेल्यानंतर खोकला राहिला, दम लागला, छातीत दुखले, तर रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रवासाआधी घरी थोडा सराव करता येतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून पाहावे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून, दमत नसाल तितक्या वेळा चढ-उतर करावी. हे काही आठवडे नेमाने केले तर मांड्यांना बळ येते. उठणे जमत नसेल तर पायरी वा धक्का नसलेल्या ठिकाणी नावेत चढण्याचा हट्ट धरू नये. नदीला पूर, धरणातून सोडलेले पाणी, वारा, अंधार किंवा गर्दीने भरलेली नाव असेल तर कोणत्याही वयात नकारच योग्य.

सांभाळ करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, वडीलधारी माणसे "मला भीती वाटते" असे सहसा म्हणत नाहीत. "नको, तुम्हीच जाऊन या," असे म्हणतात. त्या "नको"मागे कित्येकदा एक उंच काठ असतो. पुढच्या यात्रेच्या सामानात एक बुटके स्टूल ठेवा, नावाड्याशी पायरीविषयी आधीच बोला, आणि गावच्या घाटाला कठडा नसेल तर ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे तशी लेखी मागणी करा. मग घरच्या ज्येष्ठांना पुन्हा एकदा विचारा.