ऐकणाऱ्याला हातपाय असतात

संगीतातल्या जाणत्या माणसांसमोर रिदम गेमचा विषय काढला की तीन ठरलेली वाक्यं ऐकायला मिळतात. पहिलं, ‘यात संगीत कुठे आहे? नुसती बटणं दाबायची.’ दुसरं, ‘एवढा वेळ खरी गिटार शिकण्यात घातला असता तर?’ तिसरं जरा मायेने येतं, ‘असू दे, तेवढाच व्यायाम.’ मी वीस वर्षं हे खेळ आर्केडमध्ये आणि घरी खेळते आहे. तिन्ही वाक्यं मला अडाणीपणाची वाटतात, आणि मायेचं सगळ्यात जास्त.

खेळ साधा आहे. गाणं सुरू होतं, पडद्यावर खुणा सरकत येतात आणि एका ठरलेल्या रेषेला पोचतात. पोचल्या त्या क्षणी कळ दाबायची, पाय टाकायचा किंवा टिपरू मारायचं. १९९६ साली प्लेस्टेशनवर मसाया मात्सुउरा यांचा ‘पारप्पा द रॅपर’ आला. त्यात कागदासारखा चपटा कुत्रा कांद्याच्या डोक्याच्या कराटे मास्तरांमागून रॅपच्या ओळी म्हणतो. पुढच्या वर्षी कोनामी कंपनीने जपानच्या आर्केडमध्ये ‘बीटमेनिया’ आणला: पाच कळा आणि एक फिरवायची तबकडी. १९९८ मध्ये त्याच कंपनीच्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ने कळा हातातून काढून पायाखाली घातल्या. १९९९ मध्ये कोरियातून ‘पम्प इट अप’ आला, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक अशी पाच पॅनेलं घेऊन. २००१ मध्ये नामकोने ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये खेळणाऱ्यासमोर चक्क ढोल ठेवला.

आता ‘यात संगीत कुठे’ याचं उत्तर. ‘बीटमेनिया’त कळ दाबली तरच तो आवाज निघतो. तुम्ही चुकलात की गाण्यात तेवढं भोक पडतं आणि ते शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येतं. ‘ताइको’त लाल खूण आली की ढोलाच्या पानावर मारायचं, निळी आली की काठावर. पानाच्या ठोक्याला ‘दोन’ म्हणतात आणि काठाच्या ठोक्याला ‘का’. (मराठी माणसाला पहिल्यांदा हसू येतं. दोन का? तीन का नाहीत?) हे शब्द खेळ बनवणाऱ्यांच्या डोक्यातून आलेले नाहीत. जपानी ढोलवादक वाजवण्याआधी ठोके तोंडाने म्हणतात, तिथले हे बोल आहेत. आपल्याकडे ‘धा तिरकिट’ आधी तोंडात बसवतात आणि मग हातात येऊ देतात. ज्यांच्या घरात हे चालतं त्यांनी तरी ‘नुसती बटणं’ म्हणू नये.

शिवाय त्या सरकत्या खुणा म्हणजे काय, याचा विचार साहित्याच्या वाचकांनी करावा असं मला फार वाटतं. खेळणारे तिला चार्ट म्हणतात. गाणं कागदावरून येत नसतं, ही तक्रार आपल्याकडे स्वरलिपीच्याही वाट्याला आली होती. भातखंड्यांनी तरीही चिजा लिहून काढल्या. पण चार्ट ही स्वरलिपीही नव्हे. स्वरलिपी गाणाऱ्याने काय गावं ते सांगते. चार्ट ऐकणाऱ्याने कशाकडे कान द्यावा ते सांगतो. चार्ट लिहिणारा ठरवतो की या कडव्यात गायिकेचा आवाज धरायचा, पुढच्या तुकड्यात बेस गिटार, आणि मधल्या रिकाम्या जागेत मागे बारीक वाजणारी झांज, जी तुम्ही आजवर कधी ऐकलीच नव्हती. एकाच गाण्याचा सोपा चार्ट ठळक मात्रांवर चालतो आणि अवघड चार्ट दुगुन-चौगुनीत शिरतो. एकाच गाण्यावर दोघांनी लिहिलेले दोन चार्ट म्हणजे एकाच कवितेवरची दोन भाष्यं. वाईट चार्टही असतात. गाण्यात काही नसताना केवळ अवघड करायचं म्हणून खुणांचा पाऊस पाडलेला असतो. त्यावर खेळणारे चिडतात आणि तावातावाने भांडतात. २००१ पासून ‘स्टेपमेनिया’ हे फुकट सॉफ्टवेअर आहे आणि २००७ पासून ‘ओसू’, त्यामुळे जगभरातली साधी माणसं घरी बसून चार्ट लिहितात. गाण्याकडे इतक्या बारकाईने लक्ष देणाऱ्या या वाचकवर्गाला आपण पोरकट समजतो.

दुसऱ्या वाक्याकडे येते. चेन्नईच्या सभेत कचेरीला बसा. आजूबाजूला पाच-दहा जण मांडीवर आदि ताल धरून असतात: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. आठ मात्रा. त्यातल्या कोणालाही ‘एवढा वेळ मृदंगम् शिकण्यात घातला असता तर’ असं कोणी म्हणत नाही. उलट त्यांना रसिक म्हणतात. ऐकणं ही हाताने करायची गोष्ट आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तेच मॉलमधल्या सोळा वर्षांच्या मुलाने पायाने केलं की ते ऐकणं का नाही? ‘गिटार हीरो’ची (२००५) पाच रंगीत बटणांची प्लास्टिकची गिटार हे वाद्य नाही हे ती वाजवणाऱ्या पोराला पहिल्या मिनिटातच कळलेलं असतं. तो वादक व्हायला आलेला नाही. त्याला गाण्याच्या आत जागा हवी आहे. ‘रॉक बँड’मध्ये (२००७) महिनाभर बेस धरून बसलेल्या माणसाला पुढे कुठल्याही गाण्यातला बेस वेगळा ऐकू येऊ लागतो, हे मी घरात पाहिलं आहे. या खेळांची लाट ओसरली. दर वर्षी नव्या आवृत्त्या, नवी प्लास्टिकची खोकी असा मारा झाला आणि २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केला. तेव्हा लोक म्हणाले, फॅड होतं, गेलं. गाय पिळून कोरडी केली आणि मग म्हणाले की गाईला दूधच नव्हतं.

एक गोष्ट मात्र या जाणत्यांच्या बाजूने सांगायला हवी, कारण ते स्वतः ती कधी सांगत नाहीत. यंत्र तुमचं ऐकत नाही. तबलजी गवयाचा श्वास बघतो, लय किंचित सोडतो, समेवर भेटायला थांबतो. ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’मधला सर्वोत्तम ठोका नेमक्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे साधारण सतरा मिलीसेकंदांत पडावा लागतो, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राइतका वेळ. तुम्ही थकलात म्हणून गाणं हळू होत नाही. त्यात संगत नाही. ही उणीव खरी आहे आणि मी ती लपवणार नाही. पण ध्वनिमुद्रिकाही तुमचं ऐकत नाही, आणि आपल्या पिढ्याच्या पिढ्यांचे कान तिच्यावरच तयार झाले.

आता ते मायेचं वाक्य. व्यायाम. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने सरकारी शाळांत ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ ठेवायची योजना जाहीर केली, मुलांची वजनं वाढत होती म्हणून. तेव्हापासून आमच्यातल्याच कित्येकांना बचावाचं हे वाक्य सापडलं आहे. घाम येतो, कॅलरी जळतात, एकाग्रता वाढते. मला या बचावाची लाज वाटते. माझ्या शाळेत लेझीम मास्तरांच्या शिट्टीवर आणि एक-दोन-तीन-चारच्या आकड्यांवर होती. गावच्या जत्रेत तीच लेझीम हलगीवर होती. खांदे दोन्हीकडे सारखेच दुखायचे. पण हलगी कडाडली की ओळीतला सगळ्यात आळशी मुलगासुद्धा वाकून उसळायचा आणि शिट्टीवर आम्ही सगळ्या घड्याळ बघायचो. व्यायाम दोन्हीकडे होता, म्हणजे फरक व्यायामात नव्हता. आनंद होतो म्हणून खेळते, एवढं कारण मोठ्या माणसाला पुरत नाही असं आपण ठरवून टाकलं आहे, आणि त्यात बाई असेल तर मुळीच पुरत नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका मॉलमध्ये मी पॅडवर चढले तेव्हा गार्ड आला आणि अदबीने म्हणाला, ‘मॅडम, ये बच्चों का है.’ तसा बोर्ड कुठेही नव्हता. मिरवणूक, वरात आणि वारी सोडली तर माझ्या वयाच्या बाईला चार लोकांत ताला-सुरावर पाय आपटायला जागा आहे का, हे मला कोणीतरी सांगावं. त्या तिन्ही जागांना निमित्त लागतं. इथे फक्त कार्ड स्वाइप करावं लागतं.

म्हणून आर्केडची गोष्ट मला घरच्या खेळाहून वेगळी आणि जास्त महत्त्वाची वाटते. घर म्हणजे रियाज. रात्री अकराला हेडफोन लावून तोच आठ मात्रांचा तुकडा पन्नास वेळा घोटता येतो. घरची गाऱ्हाणी वेगळी: नवा टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात क्षणभर उशीर करतो, ब्लूटूथचा आवाज आणखी मागे राहतो, म्हणून खेळण्याआधी चित्र आणि आवाज जुळवून घ्यावे लागतात. गुंडाळायची मऊ चटई गुळगुळीत फरशीवर सरकते. खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. पण आर्केड म्हणजे बैठक. तिथे तुम्ही पडद्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे असता, आणि तरीही मागे कोण उभं आहे हे पाठीला कळतं. शेजारच्या पॅडवर अनोळखी मुलगी चढते, नाव न सांगता, आणि तीन गाणी तुमच्याबरोबर खेळून निघून जाते. तिने वळताना डावा पाय आधी टाकला हे तुम्ही घरी घेऊन येता. मागच्या दांडीला धरून खेळणं शोभतं की नाही, यावर वाद होतात. अगदी घराण्यांचे असावेत तसे.

आणि या बैठकीची आपल्याकडे काय दशा आहे? गेम झोनमध्ये दर्शनी जागा मिळते ती तिकिटं ओकणाऱ्या यंत्रांना, ज्यांत नाणं टाका, तिकिटं गोळा करा आणि शेवटी प्लास्टिकचा डायनासोर घ्या. नाचाचं यंत्र कोपऱ्यात, वाढदिवसाच्या टेबलांना चिकटून. चारपैकी एक पॅनेल मेलेलं. हेही मी सोसते. पण गेल्या वर्षी एका ठिकाणी यंत्राचा आवाज इतका खाली आणलेला होता की आजूबाजूच्या गोंगाटात गाणं ऐकूच येत नव्हतं. मी सांगितलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘स्क्रीन चालू आहे ना, मॅडम?’ त्याला दोष देत नाही. त्याच्या मालकाचं आणि आपल्या संगीत-समीक्षकांचं मत एकच आहे, की हा डोळ्यांचा खेळ आहे. निन्तेन्दोने २००६ मध्ये संगीतकार त्सुंकू यांना बरोबर घेऊन ‘रिदम तेंगोकू’ काढला. त्यातले कितीतरी तुकडे डोळे मिटूनही खेळता येतात, किंबहुना मिटल्यावरच जमतात. गाण्याच्या मैफलीत कोणी माइक बंद करून ‘गायक दिसतोय ना?’ असं विचारलं तर काय होईल? इथे मात्र तक्रार करणारी बाई विनोदी ठरते.

आणखी एक, ज्याबद्दल पुस्तकांच्या माणसांनी तरी अस्वस्थ व्हावं. गाण्याचा परवाना संपला की गाणं यंत्रातून काढून टाकतात आणि त्याबरोबर चार्टही जातो. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीवरच चढवली जाते. सहा महिने पायात मुरवलेला तुकडा एका सकाळी नाहीसा होतो. वाचनालयाने असं केलं असतं तर या नियतकालिकात विशेषांक निघाला असता.

मी सध्या ‘स्टेपमेनिया’त झपतालाचा चार्ट लिहिते आहे. हे सॉफ्टवेअर चार-चारच्या मोजणीवर बांधलेलं आहे. दहा मात्रांचं आवर्तन अडीच चौकटी घेतं, त्यामुळे एकदा सम चौकटीच्या तोंडावर पडते आणि पुढच्या वेळी मधोमध, आणि पडद्यावर बघत खेळणारा तिथे हमखास घसरतो. ऐकणारा घसरत नाही. सहाव्या मात्रेवरच्या खालीचं काय करायचं यावर मी बरेच दिवस अडले होते. ‘स्टेपमेनिया’त माइन नावाची एक खूण आहे: ती रेषेवर येईल तेव्हा त्या पॅनेलवर पाय असता कामा नये. खालीवर मी माइन ठेवली. तबला शिकलेल्या मैत्रिणीचं म्हणणं, हे चूक आहे, खाली म्हणजे अभाव नव्हे, तिथे हात फिरतो, तिला स्वतःची क्रिया आहे. मी म्हटलं, पाय उचलून धरणं ही क्रियाच आहे, चार गाणी खेळून बघ म्हणजे पोटऱ्या सांगतील. ती शनिवारी येणार आहे.