फिलिप्पैची सकाळ

पौल आणि सीला यांच्या तुरुंगातल्या रात्रीवर मी आजवर जितकी प्रवचनं ऐकली, त्यातली बहुतेक मध्यरात्रीलाच संपली. पाठीवर वळ उठलेले, पाय खोड्यात अडकवलेले, आणि तरीही दोघं स्तोत्रं गातायत. मग भूकंप होतो, दारं सताड उघडतात, बेड्या गळून पडतात. इथे प्रवचनकार आवाज चढवतो, क्वायर उभा राहतो, आमेन. नोकरी गेलेल्या माणसालाही आपण हीच रात्र सांगतो. गात राहा, देव दार उघडेल.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. त्यातली सकाळ मात्र फारसं कुणी वाचून दाखवत नाही. उजाडल्यावर नगराचे अधिकारी चोपदारांकरवी निरोप धाडतात, त्या माणसांना सोडून द्या. तुरुंगाचा नायक ती बातमी आनंदाने पौलाला सांगतो. सुटका झाली, देवाने ऐकलं, आता निघावं की नाही? पौल जागचा हलत नाही. आम्ही रोमन नागरिक असताना चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत झोडपलंत, कोंडलंत, आणि आता कुणाला कळू न देता वाटेला लावता होय, असा त्याचा उलट निरोप जातो. ज्यांनी आत टाकलं त्यांनी स्वतः यावं आणि बाहेर काढावं. नागरिक म्हटल्याबरोबर अधिकाऱ्यांची गाळण उडते, कारण रोमन नागरिकाला असे फटके मारणं त्यांच्याच कायद्याला मान्य नव्हतं. ते येतात, समजूत घालतात, दोघांना बाहेर आणतात.

रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा माणूस एकच आहे. आपण मात्र आपल्या लोकांना त्यातला निम्माच पौल देतो.

फटके कशासाठी पडले होते, तेही बघण्यासारखं आहे. एक दासी होती. तिच्या अंगात यायचं, ती भविष्य सांगायची आणि कमाई मालकांच्या खिशात जायची. पौलाने तिला त्यातून मोकळं केलं. मालकांचं उत्पन्न बुडालं, आणि लूक हे अगदी स्पष्ट लिहितो, की तेवढ्यासाठी त्यांनी या दोघांना फरफटत चौकात नेलं. चौकात आरोप काय ठेवला? हे यहुदी आहेत, गावात गोंधळ माजवतात, रोमन माणसाला न शोभणाऱ्या चाली शिकवतात. पैशाबद्दल चकार शब्द नाही.

ज्याने नोकरीत छळ सोसलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खरं कारण असतं पगाराचा बोजा, नव्या साहेबाची मर्जी, बाळंतपणाची रजा, नाहीतर एखाद्या खोट्या बिलावर सही करायला दिलेला नकार. कागदावर येतं ‘परफॉर्मन्स’. आधी मीटिंगला बोलावणं बंद होतं. मग हातातलं काम काढून घेतात. वयाने निम्मा असलेला कुणी सगळ्यांसमोर खेकसतो. गाठताच येणार नाही असं टार्गेट येतं. आणि एका संध्याकाळी एचआरच्या केबिनमध्ये गोड आवाजात सांगितलं जातं की राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. नाही दिलात तर काढून टाकलं असं लिहावं लागेल, मग दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला? वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत हीच भाषा जरा रांगडी असते, बीकेसीच्या काचेच्या इमारतीत जरा गुळगुळीत. मतलब एकच, बोभाटा न करता जा.

असा माणूस घरी येतो आणि पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये दिसेनासा होतो. त्याची श्रद्धा उडाली असं आपण मानतो. बऱ्याचदा तसं काही नसतं. मिस्सा सुटल्यावर आवारात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारणार, ‘काय रे, सध्या कुठे?’ त्या प्रश्नाला तो भितो. महिन्याच्या वर्गणीच्या लिफाफ्याला भितो. कुणी दुसऱ्याच धर्मग्रामात पहाटेच्या मिस्साला जातो, कुणी माहीमच्या नोव्हेनाच्या गर्दीत उभा राहतो, कारण तिथे ओळखणारं कुणी नसतं. आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांकडे कॉटेज मीटिंगमध्ये साक्ष द्यायची पाळी येते, आणि ज्याच्याकडे सांगायला अजून विजय नाही तो त्या संध्याकाळी आजारी पडतो.

आणि गाठ पडलीच, तर आपण काय म्हणतो? देवाची काहीतरी योजना असेल. परीक्षा आहे. क्षमा करून टाका, मन हलकं होईल. म्हणणाऱ्याच्या पोटात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण पहिल्याच आठवड्यात देवाची योजना सांगणं म्हणजे देवाला एचआरच्या बाजूच्या खुर्चीत बसवणं आहे. ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच की वर बसलेल्यानेही त्या पत्रावर सही केली होती. योसेफाचं उदाहरण इथे हमखास देतात. देवाची योजना होती असं योसेफ म्हणाला हे खरं. पण ते त्याने स्वतः म्हटलं, कित्येक वर्षांनी म्हटलं, आणि भावांनी आपलं वाईटच योजलं होतं हे त्यांच्या तोंडावर सांगून मग म्हटलं. विहिरीत असताना वरून कुणी डोकावून त्याला हे ऐकवलं नव्हतं.

क्षमेचंही तसंच. पौलाने त्या अधिकाऱ्यांना शिक्षा मागितली नाही. भूकंपानंतर कैदी पळाले असं समजून जेलर तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला, तेव्हा त्यालाही पौलानेच ओरडून थांबवलं. मनात सूड नव्हता. तरीही झालं ते चुकीचं होतं, हे उघडपणे मान्य करून घेतल्याशिवाय तो उंबरठा ओलांडायला तयार नव्हता. मला वाटतं, त्यात गावातल्या लुदियेच्या घरी जमणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्यांचा विचार असणार. पौल गुन्हेगारासारखा मागच्या दाराने गेला असता, तर गावात मागे उरलेल्यांना कुणीही उद्या झोडपलं असतं. अन्यायाची नोंद करून घेणं हे पुष्कळदा मागे राहणाऱ्यांसाठी असतं, आणि ऑफिसमध्ये मागे राहणारे असतातच.

तेव्हा क्षमा करा, पण ग्रॅच्युइटी सोडू नका. हे वाक्य मला एखाद्या फादरांच्या तोंडून वेदीवरून ऐकायचं आहे. केबिनमध्ये बसल्या बसल्या राजीनाम्यावर सही करू नये. घरी वाचून सांगतो म्हणावं. कारण कपात करून काढलं तर कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळण्याचा हक्क आहे. स्वतःहून राजीनामा दिला की तो हक्क गेला. ज्याची सलग पाच वर्षं भरली त्याची ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही त्याचीच. काढून टाकलेल्याचा थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत हातात पडला पाहिजे. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, रात्री अकराला आलेले अपमानाचे मेसेज, सगळं ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःजवळ ठेवावं. घराचा हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलावं, आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जाला हात लावू नये. यात अधार्मिक काय आहे? मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्यावेत, हे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते, असं याकोब आपल्या पत्रात सांगतो. लाबानाने दहा वेळा वेतन बदललं, हे गाऱ्हाणं दुसऱ्या याकोबाने, इस्राएलाच्या पूर्वजाने, मोजून ठेवलं होतं आणि बायबलने ते मोजून जपलं.

हे सगळं सांगायला आठवडाभराने गेलं तरी चालेल. फिलिप्पैच्या त्या रात्री जेलरने काय केलं ते आधी करावं. तो तारणाचा मार्ग विचारत होता, मान्य. पण मग त्याच घटकेला, त्या अपरात्री, त्याने दोघांच्या जखमा धुतल्या, आणि बाप्तिस्मा झाल्यावर त्यांना घरात नेऊन पान वाढलं. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानेही त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा जेवायला घातलं. होरेब डोंगरावरचा देवाशी संवाद त्यानंतर चाळीस दिवसांनी. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. प्रार्थनागट पहिल्या संध्याकाळी बायबल घेऊन येतो, आणि मुलाच्या कॉलेजची फी भरायची राहिली आहे हे चौथ्या महिन्यात समजतं.

प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. उलट, आपण तिची फार थोडी दारं वापरतो असं माझं म्हणणं आहे. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. त्यात देवाला जाब विचारलाय, शत्रूचं वाईट चिंतलंय, रडून रडून अंथरूण भिजवलंय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. त्याला आशेची शेवटची ओळ जोडण्याची गरज ज्यांनी ते जपलं त्यांना वाटली नाही. अपमानित माणसाबरोबर ते स्तोत्र वाचावं. त्याच्या तोंडची शिवी देवाला नवी नाही, हे त्याला तिथे कळेल.

आपल्या घरांतल्या कॅलेंडरांवर एक वचन असतंच, फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, तेरावी ओवी. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर सगळं शक्य होतं, असा त्याचा आशय. नोकरी गेलेल्याला हे वचन दहा जण फॉरवर्ड करतात. चौदावी ओवी मात्र कॅलेंडरवर येत नाही. त्यात पौल म्हणतो की माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात हे फार बरं केलंत. आणि पुढे चक्क हिशेब आहे, कुणी कधी पैसे पाठवले, कितीदा पाठवले, या वेळी कुणाच्या हाती पोहोचले. तेराव्या ओवीतलं सामर्थ्य आणि एपफ्रदीताच्या हातून आलेली मदत एकाच पानावर आहे. पाठवणारे कोण? त्याच फिलिप्पै शहरातले, जिथे फटके पडले होते.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज कित्येक धर्मग्रामांत आहे, आणि घरी जाऊन, गाजावाजा न करता मदत करणं हीच तिची रीत. वसईत १९१८ मध्ये मोन्सिन्योर मोनिस यांनी पतपेढी उभी केली, तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून काय करावं, याचा विचार आपल्या आजोबा-पणजोबांनी केला होता. आज अडचणीत आलेला पन्नाशीचा अकाउंटंट आहे. तो तांदळाच्या पिशवीसाठी रांगेत उभा राहणार नाही, आणि मदतीच्या यादीत त्याचं नाव घालावं असं कुणाला सुचतही नाही. त्याला चार महिन्यांचं बिनव्याजी उसनं हवं असतं, बायोडेटा नीट करून देणारा हवा असतो, आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सोबत येणारा कुणी. मंडळीत निवृत्त युनियनवाले असतात, वकील असतात, कुठेतरी एचआरमध्येच असलेल्या ताईही असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्याउलट काही ठिकाणी दशांश थांबला म्हणून आशीर्वाद थांबला असं बेकार माणसाला ऐकवलं जातं. त्याला मी निर्दयपणा म्हणतो.

आणि थोडं घरातलंही. १५ मे १८९१ रोजी तेराव्या लिओ पोपने कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं, १९५५ मध्ये बाराव्या पायसने १ मे हा दिवस कामगार संत योसेफाच्या नावे केला. त्या दिवशी आपण वेदीवर हातोडा-करवत ठेवतो, छान दिसतं. पण आपल्याच शाळांतल्या, दवाखान्यांतल्या कंत्राटी माणसांना महिन्याला काय मिळतं, त्यांना घरी पाठवायचं ठरतं तेव्हा कसं सांगितलं जातं, हा विषय किती पॅरिश कौन्सिलांच्या बैठकीत येतो?

पौलाला फिलिप्पैत राहता आलं नाही. अधिकाऱ्यांनी नमतं घेतलं, पण शहर सोडा अशी विनंतीही केली, आणि तो गेला. बहुतेकांचं असंच होतं. हक्काचे पैसे मिळाले तरी खुर्ची परत मिळत नाही, साहेब तिथेच राहतो. मात्र जाण्याआधी पौल लुदियेच्या घरी गेला, आणि ज्याच्या पाठीचे वळ अजून ओले होते त्यानेच जमलेल्यांना धीर दिला. मग थेस्सलनीकेची वाट धरली. तिथे त्याच्यामागे फिलिप्पैहून मदत पोहोचली, आणि ती एकदाच पाठवून ते थांबले नाहीत.