स्वस्त नक्कल आणि ग्रंथांची मक्तेदारी

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या छोट्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशनसंस्थांनी दावा ठोकला. गुन्हा कोणता? तर प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना पानामागे ४० पैशांत देणे! एका प्रकरणासाठी अख्खा महागडा ग्रंथ विकत घेणे कष्टकऱ्यांच्या मुलांना कसे परवडावे?

विद्यार्थी व प्राध्यापक संघटितपणे या दाव्यात उतरले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेला मुभा देते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही कलमाचा हा अर्थ मान्य केला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांना दावा मागे घ्यावा लागला.

परंतु या विजयावर विसंबून चालणार नाही. स्वस्त नक्कल विद्यार्थ्याचा खर्च वाचवते. ग्रंथालयातील प्रतींचा तुटवडा मात्र तसाच राहतो. नेमलेल्या ग्रंथांच्या पुरेशा प्रती विद्यापीठांनी सार्वजनिक निधीतून पुरवाव्यात, ही मागणी विद्यार्थी चळवळीने विद्यापीठा-विद्यापीठांतून लावून धरली पाहिजे.