साथ कीं संवाद?

मुख्य कलावंतानें पुढें व्हावें आणि साथीदारानें मागें राहून ताल सांभाळावा, ही रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. जॅझ नांवाच्या अमेरिकन संगीतांतही पियानोवादकाच्या मागें बहुधा हेंच चाले. बिल इव्हान्स या पियानोवादकाच्या त्रयींत मात्र निराळा प्रकार झाला. उभ्या बासवरील तरुण स्कॉट लाफारो पियानोस नुसता आधार न देतां उत्तर देई, क्वचित् प्रश्नही विचारी. आणि ड्रमवरील पॉल मोशन ठेका धरून न बसतां त्या संभाषणांत भर घाली.

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधील 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरांतील क्लबांत सुमारें सव्वाशें माणसें मावतात. तेथें दुपारीं दोन व रात्रीं तीन अशा या त्रयीच्या पांच बैठकी ध्वनिमुद्रित झाल्या. त्या मुद्रणांत अतिशय हळुवार सुरांबरोबरच पेल्यांची किणकिण व श्रोत्यांची कुजबूजही ऐकूं येते.

त्यानंतर अकराव्या दिवशीं, ६ जुलै रोजीं, लाफारो मोटार-अपघातांत गेला. वय अवघें २५. इव्हान्स कित्येक महिने जाहीर वादनापासून दूर राहिला.

वाचकहो, त्या कुजबुजणाऱ्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. वर्गांत जन्मभर मीच बोलत आलों. मागल्या बाकावरून आलेलीं उत्तरें किती ऐकून घेतलीं, याचा हिशेब आतां लागत नाहीं. हल्लीं नातू बोलूं लागला कीं मी हातांतील वर्तमानपत्र खालीं ठेवतों.