विद्यार्थ्याने का लिहावे?

अभ्यास पुरा झाल्यावाचून लोकांसाठी लिहू नये, असे पुष्कळांस वाटते. हे मत मानले, तर विद्यार्थ्याने कधीच लिहू नये. कारण अभ्यास कोणाचाच पुरा होत नाही.

विनोबा भावे तरुणपणी कविता रचीत. कविता मनासारखी उतरली, की ते ती अग्नीला अर्पण करीत. काशीस असताना गंगेत सोडीत. पुढे १९२१ साली ते वर्ध्यास आले. तेथे जानेवारी १९२३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी 'महाराष्ट्र-धर्म' हे मासिक काढले आणि आपला उपनिषदांचा अभ्यास त्यातून लोकांपुढे ठेवला.

हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. कवितेचे समाधान एकट्याचे असू शकते. ज्ञान मात्र एकट्याचे नसते. ते गुरूंकडून, ग्रंथांतून, समाजाकडून मिळते. म्हणून ते इतरांस सांगणे हे ऋण फेडणेच होय. शिवाय लिहावयास बसले, म्हणजे आपणांस काय कळले नाही, ते नेमके उमगते. लोकांपुढे आलेली चूक कोणीतरी दाखवून देतो. वहीत दडलेली चूक तशीच राहते.

चूक दिसली, तर कोणी हसेलही. म्हणून शाळेच्या हस्तलिखित मासिकात लिहिणाऱ्या मुलानेही दोन पथ्ये पाळावीत : ठाऊक असेल तेवढेच लिहावे आणि शंका असेल तेथे ती उघड सांगावी. मग हसण्याचे भय नको. न कळणे ही विद्यार्थ्याची लाज नव्हे. न कळलेले झाकणे ही लाज होय.