वजनकाट्याला न दिसणारे मूल

मुलांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की चळवळीतील कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर किंचित तुच्छतेचे स्मित उमटते. मेळघाटातील कुपोषणाचा प्रश्न सुटलेला नसताना सुखवस्तू घरांतील गुबगुबीत मुलांची चिंता कशाला वाहायची, असा त्यामागचा भाव असतो. भाव समजण्यासारखा आहे; वस्तुस्थितीला धरून मात्र नाही.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातील मुलांच्या पोषणाची सर्वंकष पाहणी केली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत वजन प्रमाणाबाहेर असलेली मुले ४ टक्के आणि दहा ते एकोणीस या वयोगटात ५ टक्के आढळली. एवढेच वाचून कुणीही निश्चिंत झाला असता. परंतु याच पाहणीत मुलांचे रक्तही तपासले गेले होते. दोन्ही वयोगटांत सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेली दिसली. ट्रायग्लिसराइड हा रक्तातील मेद पाच ते नऊ वर्षांच्या ३४ टक्के मुलांत आणि किशोरवयीनांपैकी १६ टक्क्यांत वाढलेला होता. अंकगणित साधे आहे. वजनदार ठरलेली सगळी मुले आजाराच्या वाटेवर आहेत असे गृहीत धरले, तरीही त्या वाटेवरची निम्मी मुले वजनकाट्याला दिसलेलीच नाहीत.

मग हे माप आले कोठून? वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचा प्रकार बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचा, १८३० च्या दशकातला. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हेत. समाजातील ‘सरासरी माणूस’ शोधणे हा त्यांचा छंद. अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी १९७२ साली या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजे आजच्या बोलीतील ‘बीएमआय’, हे नाव दिले. समूहाचा अंदाज घ्यायला हे माप उपयोगी आहे, स्वस्त आहे, आणि ते टाकून द्यावे असे कुणीही म्हणणार नाही. पण वजन स्नायूंचे की चरबीचे, आणि चरबी मांडीवर साठली की पोटातल्या इंद्रियांभोवती, हे त्याला कळत नाही. यकृताभोवती नि यकृतात साठलेली चरबी इन्शुलिनचे काम बिघडवते. बिघाडाची सुरुवात तेथे होते. शिवाय वाढत्या मुलाला प्रौढांसारखा एकच आकडा लावता येत नाही, वय आणि लिंग पाहून आलेख उघडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी धोक्याची रेषा प्रौढांच्या २५ ऐवजी २३ या आकड्याशी जुळवून खाली आणली, ती उगीच नव्हे.

त्याचे कारण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, अंगाने कृश. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातील इंद्रियेही लहान. पाठीवर खांद्याच्या हाडाखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. बारीक दिसणारे, पण चरबी राखून असलेले मूल! अशा मुलाला पुढे उंची वाढवणारी प्रथिने मिळाली नाहीत आणि स्वस्त तेल-साखर-मैदा मात्र मुबलक मिळाला, तर वाढ आडवी होते. आईची उपासमार आणि मुलाचा मधुमेह ही अशी एकाच साखळीची दोन टोके आहेत. पहिल्यासाठी मोर्चा काढायचा आणि दुसऱ्याला श्रीमंतांचा रोग म्हणायचे, ही विभागणी म्हणूनच टिकणारी नाही.

या मुलांना हुडकायला महागडी यंत्रे लागत नाहीत. मुलाच्या उंचीइतका दोर घ्यावा, मधोमध दुमडावा, आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर गुंडाळून पाहावा. दुमडलेला दोर पुरला नाही, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून मोठी, तर त्या मुलाचा रक्तदाब आणि रक्त तपासायला हवे. पाच वर्षांवरील मुलांना हे माप चालते, आणि त्यासाठी वयाचे तक्ते उघडावे लागत नाहीत. दोर निदान करत नाही, काही मुले त्यालाही चुकतील. तरी नुसत्या काट्यापेक्षा तो पोटाची अधिक खबर देतो. मोजणी मात्र पडद्याआड व्हावी. वर्गासमोर एखाद्याला ‘जाड्या’ ठरवणारी तपासणी न झालेलीच बरी.

पण मापाने पोट भरत नाही, आणि येथेच राज्यकर्त्यांचा हिशेब तपासावा लागतो. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अतिसाखर, अतिमीठ व अतिचरबीचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा नियम २०२० चा आहे. बहुतेक शाळांच्या फाटकासमोर उभे राहिले की त्याची किंमत कळते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा बिस्किटे आणि चॉकलेटे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण १२ वरून ५ वर. गोड शीतपेयांवर ४० टक्के कर आहे हे खरे. पण पाच रुपयांचा पुडा हेच ज्या घरात मुलाचे मधल्या वेळचे खाणे, तेथे या सवलतीने काय साधले? त्याच वर्षीच्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारातील अंड्यांचा स्वतंत्र निधी थांबवला आणि अंडी हवी असतील तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे सुचवले. ज्या अन्नाने मूल उभे वाढते ते वर्गणीवर, आणि ज्याने ते आडवे वाढते त्याला करसवलत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. गावोगावच्या कार्यकर्त्यांपैकी कितीतरी जण या समित्यांवर आहेत. आरोग्य पथक शाळेत येईल तेव्हा उंची-वजनाबरोबर कमरेचीही नोंद व्हावी, फाटकासमोरच्या ५० मीटरांचा नियम लागू व्हावा आणि अंड्यांचा निधी शासनाने द्यावा, हे तीन ठराव पुढच्याच बैठकीत मांडता येतील. मंजूर ठरावांच्या प्रती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचवून पोच घ्यावी.